सोलापूर–नागपूर : अहमदपूरनंतरचा रस्ता

असले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. मी सोलापुरात आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवतो... जे मोजता येतं तेच खरं, असं पोरांना सांगणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझी मोठी बहीण – अक्का – नागपूरला असते. पहाटे पाचला दाजींचा फोन आला. अक्काची तब्येत एकदम बिघडली होती, अकराला पोटाचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना बोलावून घ्या.

वडील मंद्रूपहून आमच्याकडे आलेलेच होते. सहाला आम्ही दोघं निघालो. अंतर पावणेसहाशे किलोमीटर.

"अप्पा, दहा तास तरी लागतील. अकराच्या आत न्हाय पोचणार."

"तू चालव की," एवढंच म्हणाले.

लातूर मागं पडलं. नऊ पस्तीसला अहमदपूरचा बोर्ड वाचला, हे पक्कं आठवतं. आणि त्यानंतरचा बोर्ड... बुटीबोरी. म्हणजे नागपूर आलंच. मधे नांदेड नाही, यवतमाळ नाही, वर्धा नाही. झोप नाही, चक्कर नाही, हात स्टिअरिंगवर. गाडीतलं घड्याळ नऊ पन्नास. मोबाइलही नऊ पन्नास. मीटरवर मात्र सगळे किलोमीटर पडलेले आणि डिझेलचा काटा तळाला.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अक्काला अजून आत नेलं नव्हतं. अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आलो बघ," म्हणाले. दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रात्रीच निघाला होता का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी चहा घेताना अप्पांना विचारलं, रस्ता कसा वाटला.

"लई येळ लागला. पाय सुजले बसून. यवतमाळच्या अलीकडं भाकरी खाल्ली की आपण."

मी गाडीत जाऊन पाहिलं. भाकरीचं फडकं रिकामं. माझ्या शर्टाच्या बाहीवर शेंगाचटणीचं तेल. आणि मी तर सकाळपासून उपाशी होतो...

परत येऊन विचारलं, "मी काय करत होतो, अप्पा?"

"बोलत व्हतास. सारखा."

"काय बोललो?"

त्यांनी कप खाली ठेवला. "जाऊ दे. पोचलो न्हवं का."

परतीला अकरा तास लागले. मित्र म्हणतात, टेन्शनमध्ये भान राहत नाही. मान्य. पण घड्याळालाही टेन्शन होतं का?

त्याहून जास्त छळतं ते वेगळंच. त्याच्या दोन महिने आधी अक्काचा मला फोन आला होता. "पोटात फार दुखतंय रे, इथं कुणी मनावर घेत नाही. तू येऊन मला दाखवून आण. अप्पांना सांगू नको." मी म्हणालो, परीक्षा संपू देत. मग राहूनच गेलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

अप्पा आता आमच्याकडेच राहतात, पण अक्काची खबर मला विचारत नाहीत. रोज सकाळी स्वतःच तिला फोन लावतात... आणि मी खोलीत गेलो की बोलायचे थांबतात.