शिडीवरचे रघुअण्णा

चिकपेटेच्या कापडबाजारातून एक फेरी मारली की कोटाला कुठल्या ना कुठल्या थानाचा धागा चिकटतोच. झटकला तरी घरी गेल्यावर दुसरा सापडतो. आमच्या वस्तादांच्या किश्श्यांचं तसंच आहे. रोज चार ओळी लिहून ठेवायची मला सवय, त्यामुळे माझ्याकडे ते जरा जास्तच साठले. हे त्यातले थोडे, रघुअण्णांनी आम्हा सगळ्यांना घोर लावला त्या वर्षातले.

*

रामोजी वस्ताद चिकपेटेच्या मागच्या गल्लीत लाल मातीची तालीम चालवत. शिवाय सकाळी सायकलवरून लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नाही. कॉफीसुद्धा उभ्यानं!

मी कचेरीतला कारकून. चाळिशीनंतर पोट सुटलं म्हणून त्यांच्याकडे गेलो. वाटलं, वजन विचारतील.

"शेवटचं कधी धावलात?" त्यांनी विचारलं.

"परवा. बस पकडायला."

"पकडली?"

"नाही."

"मग उद्यापासून या!"

*

रघुअण्णा माझे लहानपणापासूनचे मित्र. चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान, आणि दुकानात पांढरी गादी. सकाळी गादीवर टेकले की दिवे लागेपर्यंत तिथेच. गिऱ्हाईक समोर, नोकर मागे, कॉफी शेजारी.

एके दुपारी गादीवरच त्यांच्या छातीत कळ आली. पंधरवडाभर दवाखान्यात होते. सोडताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वजन उतरवा, बसणं सोडा. पुन्हा कळ आली तर माझा भरवसा नाही."

तेव्हापासून आमचं सगळ्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अण्णांनी शर्टाच्या खिशातला चष्मा काढायला हात छातीकडे नेला, तरी आम्ही चौघं मित्र उठून उभे! मीच वस्तादांना त्यांच्या घरी घेऊन गेलो.

पहिल्याच सकाळी अण्णांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. "आज अंग जड वाटतंय, वस्ताद."

"म्हणूनच आलोय. हलकं वाटत असतं तर मी घरी झोपलो नसतो का?"

*

मग वस्तादांनी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. अण्णांच्या पत्नी तुळसाक्का म्हणाल्या, "यांच्या जेवणात काही नसतं हो. भात, सार आणि स्वल्प तूप."

"स्वल्प म्हणजे केवढं? वाढून दाखवा, अक्का."

अक्कांनी सढळ हातानं वाढून दाखवलं. वस्ताद वाटीकडे बघत राहिले.

"अक्का, एवढ्यात माझ्या दोन पैलवानांची मालिश होते!"

दुसऱ्या दिवसापासून भाताच्या जागी नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा घट्ट गोळा, आला. अक्कांनी अगदी मनावर घेतलं. आठवड्यानं वस्ताद तपासायला गेले, तर मुद्दा पानात होता आणि त्याच्या डोक्यावर खळगा करून तूप ओतलं होतं.

"कोरडा घशाखाली उतरायचा कसा?" अक्का म्हणाल्या.

*

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. अण्णा लालबागेत जाताना पाय ओढत चालायचे, परतताना सुसाट. दोन दिवसांत वस्तादांना उलगडा झाला. परतीच्या वाटेवर डोशाचं हॉटेल होतं!

वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "अण्णा, तुम्हाला हॉटेलाकडे तोंड करून चांगलं चालता येतं. आता रोज हॉटेलाकडेच चालायचं. रोज नवं हॉटेल."

अण्णा खूश. सोमवारी एका दिशेला, मंगळवारी दुसऱ्या. झपझप चालायचे, घाम निथळायचा. आठवड्याच्या शेवटी मला रस्त्यात भेटले, तर चेहरा पडलेला.

"काय हो, या गावातली सगळी हॉटेलं मी पोचायच्या दिवशीच कशी बंद असतात?"

कुठल्या हॉटेलाला कुठल्या वारी सुट्टी, हे वस्तादांना पाठ होतं.

*

मी एकदा वस्तादांना विचारलं, "माणसाला व्यायामाला लावायची तुमची युक्ती तरी काय? भीती घालता की कौतुक करता?"

वस्ताद सायकलीत हवा भरत होते.

"भीती आठवडाभर टिकते. कौतुक महिनाभर. त्याच्या आत सवय लागली पाहिजे."

"आणि सवय लागली की?"

"की मला कोण विचारतो? पुढचं गिऱ्हाईक शोधायचं!"

*

पण दिवसभराच्या गादीचं काय? वस्तादांनी एका सकाळी ती गुंडाळून माळ्यावर टाकली आणि अण्णांच्या हातात शिडी दिली. "फळीवरची साडी आता तुम्ही काढायची. घडीही तुम्हीच घालायची."

अण्णा चढले, उतरले, शिव्या दिल्या, पुन्हा चढले. महिन्याभरात सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. चेहऱ्यावर तकाकी आली.

आणि चिकपेटेत बोभाटा झाला, रघुअण्णांचं दुकान बसलं! मालक स्वतः शिडी चढतोय, नोकर काढले असणार, बिचारा वाळलासुद्धा!

हे धारवाडला पोचलं. नेमकं तिथल्याच एका घरी अण्णांच्या मुलीचं, सुमनचं लग्न जमत आलं होतं. मुलगा कॉलेजात शिकवणारा, सुमनलाही पसंत. तिकडून निरोप आला, "बोलणी तूर्त थांबवू. आधी आम्ही येऊन दुकान बघतो."

सुमन जेवेना. तुळसाक्का तालमीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वस्ताद, नवरा वाचवलात, पाया पडते. पण पोरीचं ठरलेलं मोडतंय. एक दिवस तरी त्यांना गादीवर बसू द्या!"

वस्ताद येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी मान डोलावून म्हणाले, "सरी, अक्का. एक दिवस."

*

धारवाडचे व्याही आणि विहीणबाई यशवंतपूर स्टेशनवर उतरून थेट दुकानात आले. व्याही चांगले भरदार. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून धापा टाकत गादीवर बसले, ते बसलेच. विहीणबाई ताठ आणि अबोल. अण्णांना नवा कोट घालून लोडाशी बसवलं होतं. नोकर हात बांधून उभे. वस्ताद गिऱ्हाइकासारखे दाराशी, अर्थातच उभे. मी तुळसाक्कांशेजारी, देवाचं नाव घेत.

कॉफी आली. मैसूरपाक आला. व्याह्यांनी एक घेतला, दुसरा घेतला. अण्णांचा गुडघा हलायला लागला. मग दोन्ही गुडघे. तुळसाक्का डोळ्यांनी दटावत होत्या.

विहीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "ती वरच्या फळीवरची मोरपंखी बघू."

नोकर हलायच्या आत अण्णा उठले! कोट भिरकावला, सरसर शिडी चढले, साडी काढली, खाली आले आणि एका झटक्यात ती गादीभर पसरली. दम लागला नव्हता. तुळसाक्कांनी डोळे मिटले.

"नोकर असताना तुम्ही का चढता?" विहीणबाईंनी विचारलं.

अण्णांना खोटं कधी जमलंच नाही. कळ, डॉक्टर, तूप, शिडी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. शेवटी दाराकडे बोट केलं. "हे आमचे वस्ताद!"

व्याह्यांचा हात तिसऱ्या मैसूरपाकावर होता. विहीणबाईंनी तो हात पाहिला, बशी पाहिली, अण्णांकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पदर सावरून सरळ दाराशी गेल्या आणि वस्तादांना हळूच म्हणाल्या,

"आमच्याकडे दुकान नाही. पण घराला माडी आहे. जिना चांगला उभा आहे. चालेल?"