हौसाक्काच्या नावापुढचा हिरवा दिवा

दूध संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं तर नासतं. आमच्या केंद्रावरचे किस्से नासत नाहीत, नुसते साठतात.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या बायकांच्या दूध संस्थेची मी चेअरमन. शिक्षण चौथी. माझी सून सोनल पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून गावी आली आणि तिनं संस्थेचं अ‍ॅप केलं. मग त्यात चॅट बसवायचं तिच्या डोक्यात आलं. सभासद बायका म्हणाल्या, महिनाभर बघू, मग सभेत ठरवू. सोनलनं मला आधीच सांगून ठेवलं, "आत्या, कुणाला नकोच असेल तर मी इथं राहून करू काय? पुण्याला परत जाते." मी म्हणाले, जा. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

चॅटचा सगळा सांगाडा म्हणे तयार मिळतो. "टूलकिट असतं, आत्या. आपण फक्त जोडायचं."

"मग आठवडा झाला, करतेस काय?"

"जोडते."

आमच्या टेलरनं शिलाई मशीनला मोटर अर्ध्या दिवसात जोडली होती. तेवढं सांगून मी धारा काढायला गेले.

*

चालतंय का बघायला सोनलनं एक मेसेज टाकला, "आज दूध आणू नका." तो नुसता स्वतःला जायचा, गेला सगळ्यांना. त्या दिवशी गावात घरोघरी खवा झाला. सोनल दारोदार सांगत फिरली, "चुकून गेला हो, संध्याकाळी आणा." प्रत्येक घरानं तिच्या हातावर वाटीभर खवा ठेवला. आठ दिवस आम्ही तोच खाल्ला.

*

हौसाक्का आमची सगळ्यात जुनी सभासद. एकदा तिच्या नावानं मेसेज आला, "गाय चारा खाईना." सोनल उत्तर लिहितेय तोवर हौसाक्का काठी टेकत केंद्रावर हजर.

"पोचलं का गं?"

"पोचलं, आजी. डॉक्टर दुपारी येतायत."

"आसं व्हय. मग तिकडं बी टाक. सून वाट बघती."

"फोन तिच्याकडं असतो?"

"मला कुठं त्ये कळतंय. नाव माझं, बोटं तिची."

*

जो चॅटवर असेल त्याच्या नावापुढं हिरवा दिवा लागतो. एका दुपारी हौसाक्का केंद्राच्या बाकड्यावर घोरत होती आणि तिच्या नावापुढं दिवा लख्ख. गायीला पेंड किती घालू, असं विचारणंही चाललेलं. मी तिला उठवलं नाही.

*

मग सभा. आमच्यात सभासद सगळ्या सासवा. सुना मागं पदर घेऊन बसतात, सासूसमोर चकार शब्द काढत नाहीत. सोनलनं भिंतीवरच्या टीव्हीवर चॅट लावलं होतं.

हौसाक्का उभी राहिली. "चॅट नको. देवानं तोंड दिलंय, चार पावलं चालून बोलू."

"बराबर हाय," सासवा म्हणाल्या. सोनलनं टीव्हीची वायर गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात टीव्ही वाजला. हौसाक्काच्या नावानं मेसेज होता, "चॅट पाहिजे."

लगेच दुसऱ्या सासूच्या नावानं, "पाहिजे." मग तिसरीच्या. टीव्ही वाजायचा थांबेना. सोनल वायर हातात धरून एकेक नाव मोठ्यानं वाचत होती.

मी विचारलं, "हौसाक्का, तोंडाचं धरू का टीव्हीवरचं?"

तिनं मागं वळून बघितलं. तिची सून जमिनीकडं बघत होती. हात पदराखाली.

हौसाक्का खाली बसली.

"टीव्हीवरचं लिवा. म्हनले आसन मी."