सकाळी बसलेली टोपी

“टोपी नाई बसून राहिली बाई,” आजी म्हणाली. “सकारी तं बसली होती.”

मी शेजारच्या बेडचं सलाईन बदलत होते. “दुसरी घाला. आणि डोकं दाबू नका म्हटलं ना?” आमच्याकडे बाळाचं डोकं लांबट दिसलं, की आज्या तेल लावून ते गोल करायला बसतात. या आजींना मी सकाळपासून दोनदा रागावले होते.

“मी हात नाई लावला. तुम्ही बोलल्या ना.”

चार पावलं पुढे गेले आणि थांबले. आजी खरं बोलत असेल तर?

हे बाळ सकाळी व्हॅक्यूमनं झालं होतं. ठोके कमी होत होते म्हणून डोक्याला वाटीसारखा कप लावून ओढून घ्यावं लागलं. अशा बाळाच्या डोक्यावर सूज येते, तिला आम्ही कॅपुट म्हणतो. फाईलवर तेच लिहिलं होतं. पण कॅपुट जन्मताना असते तेवढीच असते, नंतर फक्त उतरते. आणि टोपी होती मोठ्या नातवाची. पहिले कपडे वापरलेलेच घालायचे ना, धुऊन धुऊन सैल झालेली होती ती.

मी सूज दाबली. बोटाखाली पाणी हलावं तशी हलली. कानामागपर्यंत पसरली होती. ओठ पांढरे. डोक्याला टेप लावला. सकाळी चौतीस सेंटिमीटर होतं, आता छत्तीस.

कवटी आणि कातडीच्या मध्ये रक्त साचत होतं. एवढ्याशा जिवात सगळं मिळून रक्त असतं एका पेल्याएवढं.

डॉक्टरांना फोन लावला. “सर, व्हॅक्यूमच्या बाळाची सूज वाढली.”

“कॅपुट है सिस्टर. ओपीडी झाली की येतो.”

“टेप लावला सर. दोन सेंटिमीटर.”

“एसएनसीयू में लो. रक्त मागवा. आलोच.”

एसएनसीयू म्हणजे आजारी नवजात बाळांचा कक्ष. तिथे शीर सापडेना. हात, पाय, पुन्हा हात. तिसऱ्या सुईला रक्त दिसलं, तेव्हा डॉक्टर येऊन उभे होते. त्यांनी बाळाचे पाय धरले.

रक्ताची पिशवी घ्यायला दाराशी गेले तर आजी तिथेच, टोपी मुठीत. “मी खरंच नाई दाबलं बाई.”

तिला वाटत होतं, नातू तिच्यामुळे चाललाय. “तुम्ही काहीच केलं नाही आजी,” मी म्हटलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

रक्त चढत राहिलं. मी दर तासाला टेप लावत होते. साडेछत्तीस. साडेछत्तीस. पुन्हा साडेछत्तीस. संध्याकाळी बाळ रडलं, तेव्हा कुठे मी स्टुलावर बसले.

दहाव्या दिवशी सुट्टी झाली. आजीनं टोपी माझ्या हातात दिली. “तुम्हीच घाला.” टोपी बसली.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात व्हॅक्यूमच्या बाळाच्या उशाशी टेप ठेवलेला असतो. नवीन सिस्टर आली की एवढंच सांगते. आजीनं तक्रार केली तर आधी मोजायचं. रागवायचं असेल तर नंतर.