बेरीज तर जुळली होती

छातीतली गाठ तपासायला दिली आणि माझं जेवणखाणच सुटलं. घास फिरायचा तोंडात. माणसं घाबरली की देव आठवतात, आमचे हे गणिताचे निवृत्त मास्तर, हे आकडे जोडत बसतात. विजेच्या बिलाचा असो की गॅसचा, लांबलचक नंबर दिसला की त्यातले अंक जोडत जोडत एकाच अंकावर आणायचा. बिलावर आणि पावतीवर तोच अंक आला की नंबर बरोबर! वाचायचा कंटाळा, दुसरं काय.

रिपोर्ट आणायला केडगावहून रिक्षाने नगरातल्या लॅबमध्ये गेलो. पाकीट माझ्याने उघडेना. शेवटी यांनीच उघडलं.

"अगं, साधी गाठ आहे! काही नाही तुला!"

मग सवयीने खिशातली लॅबची पावती काढली. ४०८५२७९११४४७. पुटपुटत जोडलं: बावन्न, पाच नि दोन सात. रिपोर्टवरच्या नंबराचेही सात. "नाव तुझं, बेरीज जुळली. चल, रस पाजतो तुला."

रसवंतीच्या बाकावर बसून तो रिपोर्ट मी डोळे भरून वाचायला घेतला. शेजारी पावती होती. पावतीवर शेवटी ४७. रिपोर्टवर बाकी सगळे अंक तेच, पण शेवटी ७४.

अगं बाई! पडवीतल्या शिकवणीत हे पोरांना ओरडून ओरडून सांगायचे, ते मी भाजी निवडता निवडता किती वर्षं ऐकलेलं. अंकांची जागा बदलली तरी बेरीज हलत नाही, आणि त्या दोन संख्यांच्या फरकाला नऊने भाग जातोच. इथे फरक सत्तावीस. म्हणजे यांची तपासणी ही एक चूक काही केल्या पकडणार नव्हती. आणि आमचं आडनाव गावोगाव, माझं नावही घरोघरचं.

खरं सांगते, गप्प बसावं असं वाटलं. साधी गाठ मिळाली आहे, घ्यावी आणि घरी जावं. पण भीती अशी बसू देते होय? मी कागद यांच्यापुढे धरले. यांनी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. पेले तसेच ठेवून आम्ही परत निघालो.

लॅबच्या बाहेर पायरीवर माझ्याच वयाची एक बाई पाकीट छातीशी धरून रडत होती. यांनी तिचं नाव विचारलं. तिने माझंच नाव सांगितलं.

"काष्टीहून आले हाय," ती म्हणाली. "लई वाईट निघालं बघा. आता कसं व्हायचं माजं?"

तिच्या हातातल्या कागदावर शेवटी ४७ होते. भिंतीचा आधार घेऊन मी तिच्याजवळ बसले.

"रडू नका," मी म्हणाले. "तो कागद माझा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग माझा हात धरून पुन्हा रडायला लागली.