हिरामण मिस्त्रीनं लावलेले ब्रेक

हिरामण मिस्त्री पालीत आला तो १९५६ साली, पेणकडच्या मिठागरातून. बाप, आजा, चुलते सगळे मिठात पाय कुजवत जगले. हा एकटाच लढाईच्या दिवसांत कल्याणला लष्कराच्या गाड्यांच्या तळावर हमाल म्हणून शिरला आणि दहा वर्षांनी मिस्त्री होऊन बाहेर पडला. खोपोलीच्या रस्त्याला, गावाच्या तोंडाशी, त्यानं चार बांबू रोवले, वर पत्रे टाकले, मधे एक खड्डा खणला. गॅरेज तयार.

लोक हसले. "मिस्त्री, पालीत गाड्या तीन. खाणार काय?"

"आन् बल्लाळेश्वराला येनाऱ्या गाड्या? त्या कोन दुरुस्त करनार, गनपती?"

उत्तर तयार असायचं त्याचं. माणूस काटक, काळा, कपाळावर एक भाजल्याचा डाग. इंजिनाला वेळूची नळी टेकवून दुसरं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. ग्रीसचे हात मीठ आणि लिंबाच्या सालीनं धुवायचा. काम संपलं म्हणून गाडी कधी नुसती हवाली करायचा नाही, वर पथ्य सांगायचा. आठ दिवस चढावर जोर नको, पंधरा दिवस ओझं नको. आमचे डॉक्टर त्यावर खूश. "अरे, पथ्य सांगायचं काम माझं!"

"तुमचा पेशंट पथ्य मोडून मरतो, डॉक्टर. माजा पेशंट मोडला तर मालकाला घेऊन मरतो."

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. १९५८ साली मी लग्न होऊन पालीत आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याला पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेली. तालुक्यात माझ्याइतकी शिकलेली दुसरी बाई नव्हती आणि ही गोष्ट मी फारशी कुणाला विसरू देत नसे.

डॉक्टरांची एक जुनी ऑस्टिन होती. त्या पावसाळ्यानंतर तिचे ब्रेक अगदी झिजले. हिरामणनं चारी चाकं उतरवली, जुने लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, काढून नवे ठोकले आणि संध्याकाळी गाडी आमच्या अंगणात आणली. आणताना फाटकाशी ब्रेक दाबला मात्र, डाव्या बाजूच्या पुढच्या चाकानं अशी किंचाळी फोडली की सासूबाईंच्या हातातलं तांदळाचं सूप पडलं.

"हे रे काय मिस्त्री? दुरुस्त केलीस की बिघडवलीस?"

"म्हातारे आई, लायनर नवा, डरम जुना." त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. "नवी सून आन् जुनी सासू. घासाघाशी व्हनार, आवाज व्हनार. आठ-पंधरा दिसांनी जमतंय."

सासूबाई हसल्या. मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते चाक परत उतरवलं. मी शेजारी उभी राहून सगळं पाहिलं. लायनरच्या कडा त्यानं कानशीनं तिरप्या केल्या, ड्रमच्या लोखंडी वाटीची आतली चकाकी पॉलिश पेपरनं घासून घालवली, भुकटी फुंकून काढली. शेवटी आगकाडीच्या टोकावर इवलंसं ग्रीस घेऊन मागच्या पत्र्यावर, जिथं लोखंडाला लोखंड घासतं तिथं, तीन-चार ठिपके दिले.

"एवढंसंच?" मी विचारलं.

"येवढाच. ह्याच्यावर एक थेंब जास्त झाला तर इख हाय, बाय."

असं त्यानं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

मग पथ्य: "पंधरा दिस हलू हलू ब्रेक मारा. आवाज कमी कमी व्हईल. नाय झाला तर मना बोलवा. दुसऱ्या कोनी हात लावू नका."

आवाज कमी झाला, पण गेला नाही. आणि डॉक्टरांच्या गाडीचा आवाज म्हणजे काय, ते गावात राहिलेल्यालाच कळेल. डॉक्टर पेशंटच्या दारात पोचायच्या आधी गाडी गळा काढायची. नाडसूरला एक म्हातारा आजारी होता, त्याच्या सुनेनं निरोप धाडला, "डॉक्टर, चालत या. तुमची गाडी दारात रडली की आमच्या घरातलं माणूस जाईल." दोन दिवसांनी म्हातारा गेला. तो जाणारच होता, वय नव्वद, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पोरं गाडीमागं धावायची, "रडूबाई आली! रडूबाई आली!" डॉक्टर हसण्यावारी न्यायचे. मला ते सहन होईना. त्यात सासूबाई रोज एकदा ऐकवायच्या, "आमच्या वेळी बैलगाडीचं चाक कुरकुरलं की वंगण घालत. गप्प बसायचं बापडं. तुमच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."

शिकवत होते ना! घर्षणानं आवाज होतो, वंगणानं घर्षण कमी होतं. परीक्षेत आठ गुणांचं उत्तर लिहिलं होतं मी. आता कुठलाही शहाणा विचारील की बाई, ब्रेकचं कामच मुळी घर्षणाचं, ते कमी केलंत तर गाडी थांबणार कशानं? हे मला त्या दुपारी सुचलं नाही. डॉक्टर झोपले होते. मी शिवणयंत्राची लांब नळीची तेलाची कुपी घेतली, चमच्याच्या दांड्यानं त्या डाव्या चाकाची टोपी उचकटली, आतल्या भोकातून नळी घातली आणि कुपी रिकामी होईपर्यंत दाबली. टोपी परत बसवली, हात धुतले.

संध्याकाळी डॉक्टर गाडी काढून फाटकाबाहेर गेले. आवाज नाही. सासूबाई म्हणाल्या, "मिस्त्रीचं पथ्य लागू पडलं हो!" उद्या डॉक्टरांना ऐटीत सांगेन, असं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबा नदीच्या पुलाकडं उतरताना गुरं आडवी आली. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकानं धरलं, डाव्यानं धरलं नाही. गाडी गर्रकन उजवीकडं वळली आणि पुलाच्या दगडी कठड्यावर आपटली. डॉक्टरांचा उजवा हात मनगटात मोडला, कपाळ फुटलं. दोन हात पुढं गेली असती तर गाडी खाली पात्रात होती.

गाडी बैल लावून आमच्या अंगणात आणली. अर्धी पाली जमली. त्यात कोंडाजीराव होते. त्यांचे दोन ट्रक होते, आणि त्यांची सगळी देखभाल हिरामणकडं सोपवायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या आशेवर हिरामणनं मिठागराचं घर मोडून बायकोला, कमळला, पालीत आणलं होतं. गॅरेज टिकणार की उठणार, ते त्या दिवशी त्या अंगणात ठरायचं होतं. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

हिरामण धावत आला. डावं चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला. आत लायनर तेलानं काळेभोर चकाकत होते.

"गळती," कोंडाजीराव म्हणाले. "ब्रेकचं तेल गळलंय. मिस्त्री, नळी नीट आवळली नव्हतीस."

हिरामणनं लायनरवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग ब्रेक-ऑइलच्या डब्याचं झाकण काढून तोही हुंगला.

"यो त्याचा वास नाय," तो म्हणाला. "ह्याच्यान कोनी काय तरी घातलंय."

"कोण घालणार?" डॉक्टर ओट्यावरून ओरडले. हात गळ्यात बांधलेला, दुखण्यानं चेहरा पांढरा. "माझ्या घरात मला मारायला कोण टपलंय? चूक झाली तर झाली म्हण ना!"

हिरामण माझ्याकडं वळला. ग्रीसच्या ठिपक्यांच्या वेळी शेजारी कोण उभं होतं, हे त्याला आठवलं असणार. फार हळू, मान ठेवून विचारलं त्यानं.

"बाय, तुमी काय घातला व्हता का?"

डॉक्टर, सासूबाई, कोंडाजीराव, दारातली माणसं, सगळी माझ्याकडं बघत होती. डॉक्टरांचा जीव माझ्या हातून जाता जाता वाचला होता, आणि हे सगळ्यांसमोर म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. आणि थांबले असते तर एक वेळ. वर म्हणाले, "मी कशाला हात लावीन? एवढं विज्ञान मलाही कळतं."

लोक हसले. हिरामणनं मान खाली घातली, हत्यारं गोळा केली. कोंडाजीराव त्याच्या पाठीवर म्हणाले, "चुकला असतास तर माफ केलं असतं रे. बाईमाणसावर ढकलतोस?"

ट्रक त्याच्याकडं गेले नाहीत. नुसते गेले नाहीत असंही नाही. कोंडाजीरावांचे ड्रायव्हर खोपोलीपासून पेणपर्यंत सांगत फिरले, की पालीचा मिस्त्री डॉक्टरच्या जिवावर उठला होता. गणपतीच्या गाड्याही पत्र्याखाली थांबेनात. तीन महिन्यांनी पत्रे उतरले. खड्डा तेवढा राहिला, पुढं त्यात पावसाचं पाणी साचायचं.

मी काय केलं? काही नाही. शाळेत शिकवायला लागले, दोन मुलं झाली. खड्ड्यावरून रोज जायचे, नजर दुसरीकडं वळवून. सहा वर्षं.

१९६४ साली डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आपलं वाकडं बसलेलं मनगट चोळलं. "आता कशाला उकरतेस?" एवढंच म्हणाले. मी एसटी धरली आणि पेणला गेले. विचारत विचारत खाडीकाठच्या त्याच्या गावात पोचले. हिरामण दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, मिठाची पोती वाहायचा. त्या दिवशी घरीच होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कमळ सुकट निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"पालीशी पेनला याला सा वर्सां लागली? यष्टी तर रोज येते."

"गप, कमळ," हिरामण म्हणाला. मग मला, "मना कशाला सांगताव, बाय? मना तवाच कळला व्हता. मशीनच्या तेलाचा वास मी वलखत नाय? पालीन जाऊन सांगा. कोंडाजीच्या तोंडावर सांगा. तिथं माजा नाव गेलंय, हितं नाय."

पाणीसुद्धा न विचारता त्यांनी मला वाटेला लावलं. बरोबरच केलं.

गेले मी कोंडाजीरावांकडं. ओटीवर पाच-सहा जण सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यासमोर सांगितलं, कुपी, चमचा, नळी, सगळं. कोंडाजीरावांनी ऐकलं आणि ते चक्क हसले.

"बाईसाहेब, त्याच्या बायकोनं डोळ्यांत पाणी आणलं ना तुमच्या?"

"अहो, मी स्वतः घातलं तेल!"

"तुम्ही बी.एस्सी. बाई. तुम्ही ब्रेकमधे तेल घालाल? हे आमच्या बैलांनासुद्धा पटायचं नाही." मग इतरांकडं वळून, "बघा, गरिबासाठी आळ आपल्या अंगावर घेतात. याला म्हणतात मन."

मी भांडले. आवाज चढवला. जितकी भांडले तितकं माझं मन मोठं होत गेलं. आठवड्यात गावभर झालं की मिस्त्रीसाठी बाईंनी आपलं नाव पणाला लावलं. त्या वर्षी शाळेच्या बक्षीससमारंभाला मला अध्यक्ष केलं, प्रास्ताविकात या औदार्याचा उल्लेख झाला. तिथं उठून पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. मी हार घालून घेतला आणि खाली बसले.

त्यानंतर महिन्याभरानं खोपोलीच्या रस्त्यावर मिठानं भरलेला एक ट्रक माझ्याशेजारी थांबला. हिरामण खिडकीतून वाकला.

"सांगितला?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"मग?"

"त्यांना खरं वाटत नाही, हिरामण. मी काय करू? विश्वासच ठेवत नाहीत."

त्यानं गिअर टाकला.

"तुमचा 'नाही' त्याहीना लगेच पटला व्हता, बाय," तो म्हणाला, आणि ट्रक पुढं घेतला.