ड्रममध्ये तरंगलेली पपई

आमच्या घरात आजवर मी एकच गुपित फोडलं आहे, आणि तेही तोंड न उघडता.

वहिनीला दिवस गेल्याचं फक्त दादाला आणि मला माहीत होतं. "तू कुणाशी बोलतच नाहीस, म्हणून तुला सांगतेय," ती म्हणाली. (मी हे कौतुक समजले.) "उद्या निलंग्याला जाऊन माझ्या आईला समोर बसून सांगणार आहे. सगळ्यांच्या आधी. तोवर सासूबाईंनासुद्धा कळायला नको!"

नेमकी त्याच दुपारी मुखेडहून आत्या आली. लातुरात कुणाचं तरी लग्न होतं. सोबत दोन जावा आणि शेतातली एक भलीमोठी पपई.

"एस्टीत मांडीवर घिऊन बसले, लेकरावाणी!" असं म्हणत तिने ती आईकडे दिली. आईने माझ्याकडे दिली आणि वर अननस, टरबूज, आंबे, चिकू. "मोबाइलवर बघत असतेस ना, तसं ताट सजव. तेवढंच पाहुण्यांत बसायला नको तुला."

बाहेर बसायला नको, या आनंदात मी टरबुजाचे त्रिकोण केले, आंब्याचे चौकोन केले. पपईवर सुरी ठेवली आणि थांबले. पपई आणि अननस! दिवस गेलेल्या बाईला आमच्याकडे नेमकी हीच दोन फळं देत नाहीत. आणि आत्याची रीत अशी, की पहिली फोड घरच्या सुनेच्या तोंडात ती स्वतः घालणार. वहिनीने तोंड मिटलं की संपलं.

लपवायचं कुठे? फ्रीज आई उघडते. ओट्याखाली आत्या वाकून बघते. उरला न्हाणीघराबाहेरचा पाण्याचा ड्रम. (लातुरात नळाच्या भरवशावर कुणी राहत नाही.) पपई आणि अननस मी त्यात अलगद सोडले. दोन्ही टुणकन वर आले! कोणती वस्तू तरंगते हे मी शाळेत शिकले होते. पण इंग्रजीतून, आणि त्यात पपई नव्हती. तेवढ्यात आईची हाक आली. मी झाकण लावलं आणि ताट घेऊन गेले.

"माझी पपई गं?" आत्याने विचारलं.

मी नुसती मान हलवली. एरवी एवढ्यावर भागतं.

"मुंडी काय हलवतीस? कच्ची निघाली का?"

मी पुन्हा मान हलवली, या वेळी उभी.

"कच्ची? पिवळीधमक झालती की! बरं, ऱ्हाऊ दे." आंबा खाऊन तिचे हात चिकट झाले होते. "हात धुऊन येते," म्हणत ती उठली.

मी आडवी गेले. पाहुण्यांच्या वाटेत उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. आत्याने मला खुर्चीसारखं बाजूला सरकवलं. मग झाकणाचा आवाज आला.

"सुनंदे," आतून आत्याने आईला हाक मारली, "तुमच्यात फळं पोहायला सोडतेत का गं?"

सगळ्या ड्रमभोवती जमल्या. आत्याने हात घालून आधी पपई काढली, मग अननस. दोन्हींकडे नीट पाहिलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट वहिनीकडे वळून म्हणाली,

"कितवा लागलाय, पोरी?"

वहिनी लाजली. झालं!

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई?" आई म्हणाली आणि आनंदाने की रागाने कोण जाणे, पण मटकन बसली. आत्याने लगेच मोबाइल काढला. "थांब, तुझ्या आईला निलंग्याला कळवते!"

वहिनी खोलीत पळाली. फोन तिचाच आधी लागला, कारण आत्याची बोटं ओली होती आणि मोबाइल काही केल्या ऐकत नव्हता.

पुढे मला भाची झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नाव तोवर गुपित. आठवडाभर जो तो मला विचारत होता आणि मला खरंच माहीत नव्हतं. मी पाळण्यावर वाकले, तेव्हा कुठे वहिनीने ते माझ्या कानात सांगितलं.

आणि सांगताना माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.