सोयगावची सून आणि भिंगाकडे पाहण्याची विद्या

शहागंजातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला एके दिवशी साक्षात्कार झाला, की रुग्णाला हात न लावताही वैद्यकी करता येते. डॉ. इंद्रजीत म्हस्के दर गुरुवारी रुग्णालयाच्या गाडीने सोयगावला जाऊन रुग्ण तपासत. त्यात डिझेल जळते, हे व्यवस्थापनाच्या कोमल मनाला फार दिवस सलत होते. यापुढे तपासणी व्हिडिओवरून होईल, आणि प्रशिक्षणात उत्तीर्ण होईल त्यालाच पडद्यावर बसता येईल, असे ठरले.

डॉक्टरांना सोयगाव सोडायचे नव्हते. तिथे कोणाला धाप लागते आणि कोण गोळ्या न घेता 'घेतल्या' म्हणून सांगतो, हे त्यांना तोंडपाठ होते. गाडी गेली तर गेली, माणसे तरी आपल्याकडे राहावीत, म्हणून साठीला टेकलेले हे गृहस्थ प्रशिक्षणात पहिल्या बाकावर जाऊन बसले.

प्रशिक्षक प्रणय हा डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपहून वयाने लहान असावा. त्याने शिकवले, की शर्ट चौकड्यांचा नको, मागची भिंत कोरी हवी, आणि नजर पडद्यावरील रुग्णाकडे नव्हे, तर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे हवी.

"म्हणजे पेशंटकडं बघायचंच नाही?"

"सर, तुम्ही बघताय असं त्यांना वाटलं पाहिजे."

इतके सूक्ष्म वैद्यकशास्त्र आपल्याला महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते, हे डॉक्टरांनी नम्रपणे मान्य केले आणि घरी भिंतीवरील खिळ्याकडे पाहून हसण्याचा सराव केला.

परीक्षेसाठी सोयगावची खरी रुग्ण जोडून दिली होती. रूपा तिचे नाव. सहावा महिना चालू होता. पडद्यावर मात्र प्रथम एक मिशी अवतरली. फोन सासरे साहेबराव यांच्या हाती होता.

"राम राम, डॉक्टरसाहेब! लई झकास दिसायलात. लग्नाला निघालात काय?"

"रूपाला काय होतंय?"

"काय नाय. जेवण जात नाय म्हणती. आजकालच्या पोरी!"

"तिला बोलू द्या."

"तिला काय इचारता? मी हाय ना इथं!"

मागे कोपऱ्यात पदराआड कोणीतरी बसले होते. सासऱ्यासमोर तोंड उघडे टाकायचे नाही, हा त्या घराचा नियम; आणि फोन तर सासऱ्याच्याच हातात. डॉक्टर भिंगाकडे पाहून मंद हसत राहिले. प्रणयने समाधानाने मान डोलावली. प्रकाश उत्तम, भिंत उत्तम, नजर उत्तम. रुग्ण तेवढी दिसत नव्हती. पण तिच्यासाठी गुण ठेवलेले नव्हते.

डॉक्टर इथेच थांबले असते, तर पहिले आले असते. त्यांनी भिंग सोडले आणि पडद्याला नाक लावले.

"साहेबराव, तुमची मूळव्याध तपासली, तेव्हा उत्तरं सून देत होती का?"

पलीकडे सासू कडूबाई खुदकन हसल्या.

"काहीतरीच काय, डॉक्टरसाहेब!" साहेबराव ओशाळून म्हणाले.

"मग फोन कडूबाईंना द्या, अन् तुम्ही बाहेर जा. पार रस्त्यावर!"

मिशी गेली. कडूबाईंनी सुनेला दाराशी उजेडात आणले. पदर मागे सरला.

"वर बघ, बाळ. कडूबाई, तिची खालची पापणी ओढा."

डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"लघवी पिवळी होतीय का गं?"

"व्हय. लई दिस झाले. मामांसमोर कसं सांगू?"

"कडूबाई, ही कावीळ आहे, अन् पोटात लेकरू आहे. आत्ता निघा. मी इथं थांबतो."

त्याच संध्याकाळी रूपा रुग्णालयात दाखल झाली. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. नजर भिंगावरून ढळली, चेहरा चौकटीबाहेर गेला, आवाज चढला, कुटुंबीयाचे खासगी दुखणे चव्हाट्यावर आले, वेळेची मर्यादा ओलांडली. डॉ. म्हस्के अनुत्तीर्ण.

व्यवस्थापनाने सोयगाव इतर उत्तीर्ण डॉक्टरांना देऊ केले. पण साहेबरावांच्या मिशीची कीर्ती तोवर पसरली होती. सर्वांनी शहरातलेच रुग्ण मागून घेतले. तेव्हा डॉ. म्हस्के उत्तीर्ण होईपर्यंत गाडी चालू ठेवण्यावाचून इलाज उरला नाही.

डॉक्टरांनी ही शिक्षा मान खाली घालून स्वीकारली. फेरपरीक्षेला ते तयार आहेत. केवळ अभ्यास अपुरा असल्याने ती सवडीने घ्यावी, आणि गुरुवारी तर मुळीच घेऊ नये, अशी त्यांची विनंती आहे.